पाहुण्यांची खुर्ची

ती मोटरसायकलींच्या सीट शिवायची, म्हणून तिला सगळे सीटवाली म्हणत. गिऱ्हाईक "ताई, जरा मऊ करा" म्हणालं, की ती म्हणे, "झोपायचं असेल तर घरी झोपा, गाडीवर कशाला?" तिच्या तोंडाला लागायला कुणी धजत नसे. तरी मोटरसायकल क्लबच्या अध्यक्षांनी ती आगळीक केली, तीही तिच्या वडिलांच्या देखत.

देशभरातल्या मोटरसायकलवाल्यांचा मेळावा यंदा त्यांच्या क्लबकडे आला होता. हा मेळावा मुळात सुरू केला तिच्या वडिलांनी, पोस्टातली नोकरी सांभाळून. क्लबात त्यांना दादा म्हणत. दादांनी पहिल्याच वर्षी एक नियम घालून दिला होता आणि तो सगळ्यांना पाठ होता: मोटरसायकलवरून आला तो आपला, कारमधून आला तो पाहुणा. पाहुण्याला खुर्ची द्या, चहा द्या, मत देऊ नका.

दोन वर्षांपूर्वी दादांची उजवी बाजू लुळी पडली. महिनाभर ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. मग सीटवालीने आपल्या गाडीला साइडकार जोडून घेतली आणि तिची सीट स्वतः शिवली, उजवीकडे चांगली उंच, म्हणजे बाबा कलंडणार नाहीत. पहिल्या फेरीला बाबा लहान मुलासारखे ओरडले होते. त्या दिवसापासून ते पुन्हा भाकरी मागून खायला लागले.

आणि आता क्लबच्या कमिटीतल्या या पाच शहाण्यांनी मेळाव्याला जागा कोणती निवडावी? डोंगरमाथ्यावरचं एक रिसॉर्ट! शेवटची चढण उभी आणि सगळी सुट्या खडीची. सीटवाली बाबांना घेऊन बघून आली होती. साइडकारचं चाक घसरायला लागलं तशी तिने निमूट गाडी वळवली.

कमिटीची बैठक टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरली. भिंतीवर रिसॉर्टची फिल्म चालू होती. ढग, तळं, वरून घेतलेली वळणं. सीटवालीने गावाबाहेरच्या बंद पडलेल्या विटांच्या कारखान्याचं नाव सुचवलं. सपाट आवार, मोठी छपरं, नळाला पाणी.

"तिथे फोटोत काय दिसणार? विटा?" अध्यक्ष हसले. चार जण त्यांच्याबरोबर हसले, कारण अध्यक्ष हसले होते.

"आणि बाबा वर कसे येणार?"

"अहो, त्यांना माझ्या कारने आणू की! पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, सत्कार, सगळं."

"म्हणजे पाहुणे म्हणून?"

अध्यक्षांनी हात पसरले. "आता नियम दादांचाच आहे, ताई. मी काय करणार?"

दादांनी मान खाली घातली. "नियम म्हणजे नियम," ते जड जिभेने म्हणाले. सीटवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाने स्वतः लावलेल्या झाडाला त्यालाच बांधायचं, वर शाल पांघरायची, आणि त्याने मानही डोलवायची! तिला अध्यक्षांचा राग आला आणि त्याहून जास्त बाबांचा.

ती उभी राहिली. "ही जागा बघायला तुम्ही पाचही जण गेला होतात ना? कशाने गेलात?"

चिटणीस, चष्मा लावणारा सरळमार्गी माणूस, हळूच म्हणाला, "अध्यक्षांच्या कारने."

"एसी लावून?"

"लावून."

"मग तिथले तुम्ही पाहुणे. पाहुण्यांना मत नसतं." तिने अध्यक्षांसारखेच हात पसरले. "आता नियम बाबांचाच आहे. मी काय करणार?"

अध्यक्ष तिच्यावर खेकसले, की तीसुद्धा वर पोचली नव्हती. "नव्हतेच पोचले," ती म्हणाली, "मलाही मत नाही. रविवारी सगळे चालवत जाऊ. जो वर पोचेल, तो मत देईल."

रविवारी अध्यक्षांची कंबर धरली. तसा निरोप आला. बाकीचे चौघे निघाले, मागून साइडकार. खडी सुरू झाली तिथे सीटवालीने गाडी थांबवली आणि ती बाबांशेजारी बसून वरची घरघर ऐकत राहिली. चौघे वर पोचून खाली आले तेव्हा एकाचा आरसा फुटला होता, एकाचा गुडघा, आणि चिटणिसाच्या पाठीपर्यंत चिखल होता.

"विटांच्या कारखान्याला कोण कोण?" चिटणिसाने तिथेच विचारलं. चौघांचे हात वर झाले. आणि साइडकारमधून पाचवा हात, डावा, वर आला.

चिटणिसाने चष्मा पुसला. "दादा, हात खाली घ्या. तुम्ही वर गेला नाहीत. तुम्हाला मत नाही."

सीटवाली ताडकन उठली. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिचं लक्ष बाबांकडे गेलं. दोन वर्षं जो तो त्यांना गोंजारत होता, हो ला हो करत होता. तोंडावर नाही म्हणणारा आज पहिला माणूस भेटला होता. बाबांनी हात खाली घेतला आणि ते खुदकन हसले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी देईन."