हिरवट

सत्तरी ओलांडली मी. बोलायला लागले की कोणाला ऐकत नाही, असं दोन्ही सुना म्हणतात, आणि खरं तेच म्हणतात. तरी ही एक गोष्ट या तोंडातून कधी बाहेर पडली नाही. नवऱ्याला सांगू सांगू म्हणताना तो गेला. आईला सांगायची हिंमत झाली नाही, तीही गेली. देवापुढे बसते तेव्हासुद्धा मी या गोष्टीला वळसा घालून पुढे जाते — त्याला ठाऊक नसेल का? पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या तोंडानं सांगणं वेगळं. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या रस्त्यात भेटलात तर मला मान खाली घालावी लागणार नाही.

आमच्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. धुळ्यात एका जिनिंगमध्ये ते काट्यावर होते. कापसाच्या गाड्या यायच्या, नाना तोलायचे आणि आकडा पुकारायचे. त्यांनी पुकारलेला आकडा शेतकरी पुन्हा तपासत नसत, शेठही तपासत नसे. "मापमा पाप नको," हे त्यांचं पालुपद. घरात दूध मोजतानासुद्धा तेच.

त्यांच्यात एकच उणीव होती, आणि तिची आम्ही आयुष्यभर थट्टा केली. लाल आणि हिरवा त्यांना वेगळा दिसत नसे. मिरच्या तोडायला शेतात पाठवलं की लाल-हिरव्या सगळ्या एकाच टोपलीत. आई म्हणायची, बरं झालं, माझं लुगडं कोणतंही आणलं तरी यांना चालतं. नाना हसायचे. साधीशी उणीव — तिनं कोणाचं काय वाकडं होणार, असंच वाटायचं.

मी सतरा वर्षांची असताना त्यांना साखरेचा आजार निघाला. बहात्तरच्या दुष्काळाआधीची तीन-चार वर्षं म्हणा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक छापील कागद दिला. काय खायचं, किती खायचं, आणि प्रत्येकापुढे उष्मांक. हा शब्द घरात मीच वाचू शकत होते; मॅट्रिकच्या वर्गात होते ना. नानांना तो कागद फार आवडला. का नाही आवडणार? सगळं मापात होतं. त्यांनी बाजारातून लहान तराजू आणला आणि भाकरी तोलून खायला लागले. अर्धी म्हणजे अर्धी. चतकोर उरली तर ती गाईला, पोटात नाही. आणि आईनं ठरवून टाकलं, त्यांना नाही तर कोणालाच नाही. वर्षभर घरात गुळाचा खडा दिसला नाही. आखाजीच्या सणालासुद्धा मांडे झाले नाहीत. मी तोंड फुगवून बसले होते त्या दिवशी, तेही सांगून टाकते.

आणि एक नळी होती. काचेची, बोटाएवढी. तिच्यात निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवट झाला तर थोडी, चालेल. पिवळा झाला तर जपायचं. विटकरी झाला तर डॉक्टर. थेंब नाना टाकायचे, उकळायचे तेच. रंग मात्र त्यांना कसा कळावा? आईला त्या नळीची किळस. म्हणून डॉक्टर म्हणाले, रंग पोरीनं सांगायचा. झालं. रोज सकाळी नाना नळी उजेडाकडे धरून हाक मारायचे, "माय, काय रंग शे?" मी सांगायची. त्यावर त्यांचं दिवसाचं खाणं ठरायचं. निळा किंवा हिरवट असेल तर एखादा घास जास्त. नाहीतर तोही बंद. वर्षभर मी खरं सांगितलं. हे मात्र मला म्हणू द्या — वर्षभर मी खरं सांगितलं.

मग तापीकाठची जत्रा आली. आम्ही दर साली पाच दिवस जायचो, गाडी सोडून, वाळूत चूल मांडून. मामाची गाडी शेजारी लागायची. त्याच्या तिघी पोरी आणि मी, आम्ही नुसत्या हिंडायचो. उंच पाळणा, आरशांचा तंबू, मोटारसायकलवाल्यांची विहीर, आणि दुकानांच्या रांगा — जिलेबी, गुळाची गोडीशेव, रेवड्या, भेळभत्ता. त्या साली माझं लग्न ठरलेलं होतं, इथे असोद्याला. सासरचे लोक जत्रेला पाठवणारे नव्हते, हे मला ठाऊक होतं. म्हणजे ती माझी शेवटची जत्रा. हे मी कारण म्हणून सांगत नाही. काय घडलं ते कळावं म्हणून सांगते.

डॉक्टर जाऊ देत नव्हते. नानांचा नवस होता, म्हणून एका अटीवर कबूल झाले. कागद बरोबर न्यायचा, तराजू न्यायचा, नळी न्यायची. आणि रंग विटकरी झाला तर जत्रा तिथेच सोडून पहिल्या एस.टी.नं दवाखान्यात यायचं. दुसरा विचार करायचा नाही. हे ते माझ्याकडे बघून म्हणाले होते. नानांकडे बघून नाही.

पहिल्या दिवशी नाना नवसाप्रमाणे देवळापर्यंत अनवाणी गेले. येताना बाभळीचा काटा मोडला टाचेत. मी सुईनं काढला. रक्त आलं, पण त्यांना काही दुखलंच नाही. आम्हाला त्याचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी मी आणि ते दुकानांतून हिंडलो. नाना प्रत्येक दुकानापुढे थांबून विचारायचे, "यामा किती व्हतीन?" मी कागद उलगडून बघायची. भत्त्याच्या पुडीत किती उष्मांक, ते कागदावर कुठून असणार? मग आम्ही दोघं अंदाज करायचो, मुरमुरे इतके, शेव इतकी, तेल इतकं, आणि बेरीज झाली की नाना मान हलवून पुढे निघायचे. दुकानदार हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका हातात पुडी धरून मी खात होते, आणि बापाला मोजून दाखवत होते की तुम्ही का खायचं नाही.

आरशांच्या तंबूत एका आरशापुढे ते ढेरपोटे दिसले, दुसऱ्यापुढे काडीसारखे. काडीवाल्यापुढे उभे राहून म्हणाले, डॉक्टरला हा आरसा दाखवायला पाहिजे. किती वेळ हसलो आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीमागे नळी उकळली. नानांनी ती उजेडाकडे धरली. "माय, काय रंग शे?"

बघा, मनातल्या मनात आठवतानाही मी इथेच थांबते.

रंग विटकरी होता. हिरवट-पिवळट नाही, थोडासाही नाही — भाजलेल्या विटेचा रंग, तळाशी गाळ बसलेला. कोणीही सांगितलं असतं. कोणीही, एक तो माणूस सोडून. तिकडून मामाच्या पोरी मला हाका मारत होत्या, पाळण्याची पहिली फेरी सुरू होणार होती. मी नळीकडे बघितलं आणि म्हटलं, "हिरवट शे, नाना."

एवढंच. किती वेळ लागतो असं म्हणायला? चूल फुंकायलाही जास्त लागतो. मी स्वतःला म्हटलं, आजचा दिवस फक्त. उद्या खरं सांगेन. उद्याही विटकरी होता. उद्याही मी हिरवट म्हटलं. एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्या दिवशी खरं कसं सांगणार — काल काय होतं, असं विचारलं असतं तर? चौथ्या दिवशी तर मी नळीकडे नीट बघितलंही नाही.

नाना खूश होते. हे सांगताना मला जीव नकोसा होतो, पण सांगते. जत्रेत वजन करायचा काटा लावलेला होता. नाना रोज त्याच्यावर उभे राहायचे, स्वतः काट्यावरचा माणूस ना. रोज वजन उतरत होतं. चौथ्या दिवशी तर दीड किलो कमी भरलं. सगळ्या गाड्यांवर सांगत फिरले, पथ्य लागू पडलं म्हणून. आजारानं माणूस असा झडतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि दिवसभर पाणी मागायचे. तांब्यामागून तांब्या. भरून कोण देत होतं? मीच. रंग हिरवट आहे म्हणून चौथ्या दिवशी त्यांनी जिलेबी मागितली, वर्षभरातली पहिली. मी तराजूत तोलली. अर्धी त्यांना दिली, अर्धी मी खाल्ली. डोळे मिटून खाल्ली त्यांनी. टाचेजवळ काळसर डाग दिसत होता तेव्हा. मी विचारलं, ते म्हणाले दुखत नाही.

पाचव्या दिवशी गाडी जुंपली तेव्हा त्यांना ताप होता. आठवड्यात पाय काळा पडला. धुळ्याच्या दवाखान्यात गुडघ्याखालून कापला.

कापायच्या आदल्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ आले. मी, आई, दोघी होतो. त्यांनी मला विचारलं, जत्रेत रंग काय येत होता? आता तरी सांगावं ना? माझा बाप समोर पडलेला, पाय जाणार होता, आणखी काय राहिलं होतं लपवायला? मी म्हटलं, "हिरवट. रोज हिरवटच होता."

डॉक्टर म्हणाले, मग एवढी साखर आली कुठून? आणि ते नानांकडे बघायला लागले. आईही बघायला लागली. वर्षभर तिनं सगळ्यांची तोंडं बांधली होती, तिचा राग उसळला. "आमना नजरआड तुम्हीच काही खादं व्हई."

नाना माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. नुसतं बघत होते, जसे गाडीतला कापूस तोलण्याआधी बघायचे. मग आईकडे वळले. "हा. मीच खादं. चोरीसन."

खोटं होतं ते. पाचही दिवस मी त्यांच्याबरोबर होते. तोलून दिलेल्या अर्ध्या जिलेबीखेरीज त्या माणसानं पथ्याबाहेरचं काही तोंडात घातलं नव्हतं. ज्यानं उभ्या जन्मात मापात पाप केलं नाही, त्यानं स्वतःवर ते घेतलं, आणि मी तिथे उभी होते. खाटेचा गज धरून उभी होते.

पुढे सगळ्यांनीच ते धरून ठेवलं. माझ्या लग्नात पंगतीला कुबडी टेकून नाना आग्रह करत फिरले, तर मागे बायका कुजबुजल्या, जिभेनं पाय खाल्ला हो यांचा. त्यांनी ऐकलं. मीही ऐकलं, हळदीच्या अंगानं. जिनिंगमध्ये काट्यावर दुसरा माणूस आला होता. अडीच वर्षांनी दुसऱ्या पायाला तेच झालं आणि नाना गेले. तेराव्याला मामा म्हणाला, माणूस सोन्यासारखा, फक्त जिभेवर ताबा नव्हता. मी पानं वाढत होते. वाढत राहिले.

बऱ्याच वर्षांनी जळगावला एका डॉक्टरांना मी विचारलं, शेजारणीचं म्हणून. तोंडावर ताबा ठेवूनही असा रंग येऊ शकतो का? ते म्हणाले, येतो. जखम चिघळायला लागली की साखर चढते, काही न खाता चढते. म्हणजे नळीतला तो रंग टाचेतल्या काट्याचा होता. पहिल्याच सकाळी मी खरं बोलले असते तर दुपारपर्यंत डॉक्टरांनी पाय बघितला असता.

नानांना कळलं होतं का? हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला पन्नास वर्षांत पडला नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. पाय कापून घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाटेवर बसून नळी उकळली. मी नेहमीसारखी पदर खोचून जवळ गेले. त्यांनी नळी उजेडाकडे धरली, आणि मला नाही, आईला हाक मारली. आईनं नाक मुरडलं, तोंडाला पदर लावला, पण आली. वाकून बघितलं आणि रंग सांगितला.

माझ्याशी ते पूर्वीसारखंच बोलत राहिले. लग्नात माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले. सासरी जाईपर्यंत रोज सकाळी मी दिवा पेटवून द्यायची, नळी धुऊन उपडी ठेवायची. रंग त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही.