रेष सरळच होती

सिग्नल दिसला की काकाजींचा उजवा हात आपोआप वर जायचा आणि तोंडातून निघायचं, "हिरवा!" तुम्ही शेजारी असता तर हसला असता, कारण काकाजी घरी बनियनवर बसलेले असायचे आणि सिग्नल असायचा कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

पांढुर्ण्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. काकाजी आमच्याच गल्लीतले, रेल्वेत जन्मभर इंजिन चालवून रिटायर झालेले. करमेना, म्हणून गाडी चालवायच्या गेमसाठी त्यांनी माझ्याकडून मशीन बनवून घेतलं. दुपारचं जेवण झालं की ड्युटी सुरू. मध्येच काकू बोलल्या तर म्हणायचे, "गाडी चालवून राहिलो न मी!"

एक दिवस दुकानात आले ते गुमसुम. "स्टेशन आलं का गाडी अटकते. मंग एकदम पुढंच दिसते." मग विचारलं, "मशीनच अटकते न रे?"

मी त्यांच्या घरी जाऊन पडद्याच्या कोपऱ्यात एक रेष चालू करून दिली. चित्र अटकलं की रेष उसळणार. स्टेशन आलं, रेष उसळली.

"मशीनच आहे, काकाजी."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

मी समजावलं, की प्रोसेसरला चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा एका वेळी लहानसा तुकडाच हाताशी मिळतो.

"म्हणजे अख्खी वॅगन भरायची अन् दार जरासंच उघडं?"

"हो. ते दार पूर्ण उघडायची सेटिंग आहे. पण सगळ्याच गेमले फायदा होत नाही. एखादा उलटा हळू बी होते."

"तू कर."

त्यासाठी आधी मदरबोर्डचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, नवा टाकावा लागला. त्यात वीज गेली तर बोर्ड कामातून जायचा. यूपीएस होता, तरी पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही. काकूंनी तर गॅससुद्धा बंद केला.

मशीन चालू झालं, गाडी निघाली. स्टेशन आलं; फलाट, माणसं, सगळं झरझर मागे गेलं. रेष सरळ. "हिरवा!" काकाजींचा हात वर. पुढचं स्टेशनही तसंच गेलं.

मग पिवळा आला. हात उठला नाही. काकाजींची नजर पडद्यावरच होती, ओठ मात्र काही चघळल्यासारखे हलत होते. पाठोपाठ लाल आला, तोही मागे पडला.

"काकाजी!" मी खांदा हलवला. काकू धावत आल्या.

थोड्या वेळाने त्यांनी डोळ्यांची उघडझाप केली. "पाह्य, अटकली न पुन्हा!"

मी कोपऱ्यात पाहिलं. रेष सरळच होती. काकाजींनीही पाहिली.

"मले वाटलंच होतं," ते हळूच म्हणाले.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही मिरगीच, म्हणजे फिट येणं. यात माणूस पडत नाही, काही क्षण हरवतो. गोळ्यांनी फरक पडला. स्कूटरची चावी काकाजींनी स्वतःच काकूंच्या हातात दिली. मशीनपुढे ते पुन्हा बसले नाहीत.

एका दुपारी दुकानात येऊन बसले. "इंजनवर बी होत असन का रे हे? मागं एवढी माणसं राहायची."

"आता कसं सांगता येईन? पण कधी काही झालं तर नाही न, काकाजी."

"नाही झालं, हे मालूम आहे मले. काऊन नाही झालं, हे मालूम नाही."

पुढे त्यांची मुलगी कार घेऊन दोघांना आपल्या घरी सौंसरला न्यायला आली. सामान भरून झाल्यावर तिने ड्रायव्हरशेजारचं दार उघडून धरलं. "बाबा, पुढं बसा न." काकाजींनी ते दार अलगद लावलं आणि मागे काकूंजवळ जाऊन बसले.