क्यूच्या पुढे यू नसलेली नावं

आम्ही चौघं कुठेही भेटलो की पहिली पाच मिनिटं तब्येत, लेकरंबाळं, पाऊसपाणी. सहाव्या मिनिटाला कोणीतरी एक विचित्र नाव उच्चारतो आणि बाकीचे तिघं एकदम ओरडतात, "चूक!" मग दोन तास गेलेच समजा. हे किस्से आम्ही ठरवून जमवले नाहीत. एक सांगताना दुसरा आठवतो, दुसऱ्यात तिसऱ्याचं भांडण निघतं. माझी बायको म्हणते, "किस्से जुने झाले, पण तुमचे उच्चार काही सुधरले नाहीत!"

आधी मंडळी सांगतो. माधुरी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. इमरानचं दिग्रसच्या बसस्टँडजवळ मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज. देवराव झरी जामणीकडचा, कोलाम आदिवासी घरातला, आयटीआय करायला दिग्रसला आलेला; सुट्टीच्या दिवशी इमरानकडे इंजिन खोलायला शिकायचा. आणि मी गजानन, बी.ए. करून शिकवण्या घेत पक्क्या नोकरीची वाट पाहणारा.

माधुरीच्या पुण्याच्या भावानं एसटी पार्सलनं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं. रोल-प्लेइंग गेमचं. म्हणजे एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं. कोणी योद्धा, कोणी जादूगार. खेळ तोंडानंच. पण तोंडानं खेळायचं म्हणजे नावं तोंडानं घ्यावी लागणार, आणि पुस्तकातलं एकही नाव माणसाच्या तोंडासाठी बनवलेलं नव्हतं!

जागा मिळाली ती कापसामुळे. म्हणजे कापूस नव्हता म्हणून. ती वाईट वर्षं होती. माधुरीचे मामा एका जिनिंगमध्ये मुनीम होते, तिथं गाड्या येणं जवळजवळ थांबलं होतं. वजनकाट्याजवळची खोली रिकामी. मामा म्हणाले, "बसा. तेवढाच आवाज राह्यते इथं."

*

पहिल्याच पानावर एका राजाचं नाव. स्पेलिंग एक्स, एच, वाय, एल, क्यू, आर. संपलं!

माधुरी म्हणाली, "झिल्कर." मी शिकवण्या घेणारा माणूस, मी नियमानं गेलो: "क्षाय्ल्कर." इमराननं गळ्यातून खरवडून असा काही "ख़िल्क़र" काढला की राजा खरंच घोड्यावरून उतरल्यासारखा वाटला. देवराव काहीच बोलला नाही. तो तेव्हा बोलायचाच नाही फारसं.

मग वाद पेटला. मी म्हणालो, क्यूच्या पुढे यू पाहिजेच. इमरान म्हणाला, "उर्दूतल्या क़ाफ ले कशाची गरज नाही!" आळीपाळीनं तासभर आम्ही त्या राजाच्या नावानं ओरडत होतो. खेळाची सुरुवातसुद्धा झाली नव्हती.

शेवटी मामांनी दारातून डोकं आत घातलं. "कोणाले हाका मारून राह्यले रे कधीचे? येत नसन तो तर डबे खोला अन् जेवून घ्या!"

*

माधुरीनं ठरवलं, भावालाच विचारू. एसटीडी बूथवर गेलो. लाइन खराब, त्यामुळे ती एकेक अक्षर ओरडून सांगत होती. "एक्स! एक्स रे चा एक्स! मग एच! नाही रे, हॉस्पिटलचा एच!"

बूथवाल्या काकांनी रांगेतल्या दोघांना हात करून मागे सरकवलं. "थांबा जरा, पेशंट सीरियस दिसते."

पलीकडून भाऊ म्हणाला, "मले काय माहीत? आमच्या इकडं बी याच्यावरच भांडणं चालू हायेत!"

माधुरीनं फोन ठेवला. तिचं उतरलेलं तोंड पाहून काका हळूच म्हणाले, "टेन्शन नको घेऊ बाई. इथं नाही भेटली गोळी तर दारव्ह्याच्या मेडिकलमध्ये भेटन."

*

मग आम्हीच कायदा केला. गोष्टीत ज्याला एखादं पात्र पहिल्यांदा भेटेल, तो म्हणेल तोच उच्चार. वहीत लिहून ठेवायचा. त्यावर अपील नाही.

इमराननं कायदा मनावर घेतला. आठवडाभर गॅरेजमध्ये काम करता करता तो नावं घोकायचा. एकदा एक शेतकरीदादा गाडी घेऊन आले. इमरान इंजिनात वाकून स्वतःशीच पुटपुटत होता, "क्रँझिल गेला... क्रँझिल तर गेलाच..."

दादा घाबरले. "गेला? पूर्णच गेला?"

"हो ना. कालच गेला."

"मंग नवा टाकून दे बा!"

इमराननं मान वर केली. हातात पाना तसाच. "नवा कुठून आणू दादा? जादूगार होता तो!"

दादा गाडी तिथंच ठेवून चहा प्यायला गेले. इमरान म्हणतो, चहा पिऊन परत आले ते शेजारच्या मेकॅनिकला सोबत घेऊनच!

*

इमरान सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेला. त्याला वाटलं, उच्चार पक्का धरायचा तर नावं उर्दूत लिहावी. उर्दूत रोजच्या लिहिण्यात ऱ्हस्व स्वर कोणी दाखवत नाही, हे तो घाईत विसरला. पुढच्या रविवारी वही उघडली आणि बसला टकमक बघत. "लिहिलं मीच, अन् वाचता मलेच येईना!"

तिथवर ठीक होतं. पण एक चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली आणि धुण्याच्या वेळी त्याच्या अब्बांच्या हाती लागली. गोष्टीतल्या एका बुटक्या सरदाराचं नाव होतं, सोल्मार्न असं काहीतरी. शेवटची दोन अक्षरं पाण्यानं पुसलेली. अब्बांनी चष्मा लावून वाचलं. सलमा.

संध्याकाळी अख्ख्या घरासमोर पेशी. "कौन है ये सलमा?"

इमराननं जीव तोडून सांगितलं, "अब्बा, क़सम से, औरत नहीं है! दो सौ साल का बौना है! दाढ़ी है उसको!"

अब्बांनी चिठ्ठीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो बौने का नाम सलमा किसने रखा?"

*

माधुरीला पाहायला पुसदहून पाहुणे आले. चहा-पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "इंग्रजी कसं काय?" तिच्या आईला राहवलं नाही. "फाडफाड वाचते! थांबा, दाखवते." आणि घरात हाताला लागलं ते जाड इंग्रजी पुस्तक आणून तिच्या हातात दिलं.

ते आमचंच पुस्तक. आणि उघडलं तेही नेमकं राक्षसांच्या यादीवर.

माधुरी सांगते, क्षणभर वाटलं, पोट दुखतं म्हणून उठावं. पण मग मनाशी म्हणाली, दीड वर्ष घासलेले उच्चार आहेत आपले, लाजायचं कायले? मान ताठ केली आणि चाळीस राक्षस एका दमात म्हटले. ख़, क़, झ्ल, थ्र, सगळे! कुठंही अडखळली नाही.

मुलाच्या आत्यानं तोवर पदर डोक्यावर घेऊन हात जोडले होते. "किती गोड म्हणते व पोरगी! कोण्या देवाचं स्तोत्र हाय हे?"

पाहुण्यांनी आठ दिवसांत होकार कळवला. माधुरीनं नकार. म्हणाली, "मुलगा हसला नाही एकदाही. चाळीस राक्षस ऐकून जो हसत नाही, त्याच्यासंगं जिंदगी काढू?"

*

देवरावची गोष्ट मला सांगायची होती म्हणून तर हे सगळं लिहायला घेतलं.

होस्टेलवर पोरं त्याच्या मराठीची नक्कल करायची. त्यामुळे त्यानं बोलणं कमी करत करत जवळजवळ बंदच केलं होतं. आमच्यात यायचा, योद्धा व्हायचा, पण "मारतो" आणि "थांबतो" यापलीकडे शब्द नाही.

एकदा असं नाव आलं की सुरुवातच एन-जी-डब्ल्यू. माधुरी हरली. इमरानचा क़ाफही कामाला आला नाही. मी तर पुस्तकातली छापण्याची चूकच शोधत बसलो. देवरावनं पुस्तक ओढून घेतलं, दोनदा ओठ हलवले आणि नाकातून सरळ म्हणून टाकलं. आम्ही पाहतच राहिलो.

"कसं जमलं रे तुले?"

तो म्हणाला, "तुमाले हे अवघड वाटते कारण बाकीचे शब्द सोपे हायेत तुमाले. मले तर सगळेच असे होते. 'गजानन' बी असाच शिकलो मी."

त्या दिवसापासून उच्चारांची वही देवरावकडे. एन-जीवाले, एक्सवाले, क्यूवाले, सगळे त्याच्याकडे रांगेत. वहीचा मालक म्हटल्यावर बोलावं लागणारच! दोन महिन्यांत तो इतका बोलायला लागला की माधुरीला सांगावं लागायचं, "देवराव, तुही पाळी नाही अजून."

पुढे एकदा गोष्टीत एक डोंगर आला, त्याला पुस्तकात नावच नव्हतं. देवरावनं विचारलं, "माह्या गावच्या डोंगराचं टाकू?" टाकलं. कोलामीतलं नाव. मी म्हटलं, चुकलं. इमराननं म्हटलं, चुकलं. माधुरीचंही चुकलं. आम्ही हसत हसत पुढे निघालो, तर देवरावनं खेळ थांबवला. वही मिटली.

"पुन्हा म्हणा. पुस्तकातलं नाव कसंही म्हटलं तरी चालते. हे नाव खरं हाय."

पाऊण तास लागला आम्हाला. पण शिकलो. ते नाव इथं लिहीत नाही; तुम्ही चुकणार आणि देवराव मला फोन करणार! तो आता आयटीआयमध्येच शिकवतो. पहिल्या दिवशी हजेरी घेताना प्रत्येक पोराला विचारतो, "तुह्यं नाव तुह्या घरी कसं म्हणतात?" आणि तसंच म्हणतो.

ज्या कोणी परदेशातल्या माणसानं ती तोंड वाकडं करणारी नावं बनवली, त्याचं नाव मला आठवत नाही. पण त्याचे आभार. त्याला कल्पनाही नसेल, की ज्या शब्दांचा बरोबर उच्चार कोणालाच माहीत नव्हता, त्या शब्दांमुळे आमच्यातल्या एकाला तोंड उघडायची हिंमत आली.

*

शेवटचा सांगतो.

त्या वर्षी कपाशीवर लाल्या आला होता. पानं लाल होत होत झाड उभ्याउभ्या वाळायचं. माधुरीचे बाबा रोज शेतात जायचे आणि रोज परत यायचे, पण दसऱ्यापासून घरात एक शब्द बोलले नव्हते. जेवायला बसायचे आणि उठायचे. माधुरी सांगायची नाही, पण त्या काळात तिचं लक्ष सारखं घराच्या रस्त्याकडे असायचं.

एका रविवारी तेच खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आम्ही उठलो. त्यांनी हातानंच बसायला सांगितलं आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसले.

आमची लढाई ऐन रंगात होती. समोर एक दैत्य, तो ज्याला हात लावेल ते वाळून जातं. नाव इतकं लांबलचक की आम्ही तिघं तीन प्रकारे म्हणत होतो. देवरावही अडकला होता.

बराच वेळ ऐकून काका बोलले. "त्याले लाल्या म्हणा ना. सोपं पडन."

देवरावनं वही उघडली आणि लिहिलं. लाल्या.

आमच्याकडे पुस्तकात सांगितलेला वीस बाजूंचा फासा नव्हता. म्हणून एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायचो. मोठा आकडा निघाला तर वार बसला, लहान निघाला तर हुकला. माधुरीनं डबा बापापुढे धरला. "बाबा, तुम्ही मारा."

त्यांनी हात घातला. चिठ्ठी उघडली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि तिच्या हातात दिली.

मी माधुरीच्या शेजारीच बसलो होतो. चिठ्ठीवर तीन होता.

"वीस!" माधुरी म्हणाली.

इमराननंही चिठ्ठी पाहिली. "मर गया, चाचा! एक झटके में!"

मी देवरावकडे पाहिलं. नियमाच्या बाबतीत तो कोणाच्या बापाचं ऐकत नसे. त्यानं चिठ्ठी घेतली, नीट वाचली, आणि वहीत लाल्याच्या नावावर काट मारली. "मेला, काका."

"पक्का मेला?"

"पक्का."

काका उठले. दारात चप्पल घालायला त्यांनी जरा वेळच लावला. मग पाठमोरेच म्हणाले, "आकडे मले बी वाचता येते, माय."

देवरावनं चिठ्ठी घडी करून डब्यात टाकली.

"पण कोणी विचारलं," ते म्हणाले, "तर वीसच सांगजा."