आईच्या आडनावातला ऱ्ह

आपल्या शिवणवर्गाच्या नव्या पाटीच्या मजकुरात आईने हट्टाने माहेरचं आडनाव घातलं होतं. आम्ही घरी जुळवलेला मजकूर छपाईच्या दुकानात नेला. तिथल्या कॉम्प्युटरला आमच्या फॉन्टचं नाव सापडेना, तेव्हा त्याने परस्पर दुसराच फॉन्ट लावला आणि 'कुऱ्हाडे'चं 'कुर्हाडे' झालं.

"चालतंय की काकू, लोकांना कळतं," दुकानदार म्हणाला.

"हे माझं नाव नाही," आई म्हणाली आणि स्टुलावर बसून राहिली.

नाव ओळखीचं नसलं की त्या जागी सोयीचं काहीतरी बसवायचं, हे माणसांनाही सवयीचं. गावात आईला सगळे 'मास्तरांची बायको' म्हणत.

शेवटी दुकानदाराने तो फॉन्ट शोधून घातला. स्वच्छ 'ऱ्ह' उमटला. आईने तो नीट पाहिला.

"आता अक्षर मोठं करा," ती म्हणाली, "रस्त्यावरून दिसलं पाहिजे."