होडीखालचं झुडूप

वनस्पती संग्रहालयात वाळलेली झाडं कागदावर डकवणाऱ्या ताईला तिचा दादा ‘पाचोळा’ म्हणायचा. पाचोळाबाई मात्र स्वतःच्या नजरेवर भलती खूश. चालत्या बसमधून झाड ओळखायची, बसमधल्या शेजारणीला मात्र ओळख द्यायची विसरायची.

गावासमोरच्या समुद्रातल्या बेटावर ती नमुने गोळा करायला जायची. तिथं एक खुरटं झुडूप होतं, जाड खारट पानांचं. बेटाबाहेर ते कुणाला कधी दिसलेलं नव्हतं. एका रविवारी तेच तिला दिसलं, तेही दादाच्या होड्या दुरुस्त करायच्या शेडमागे, वडिलांच्या पालथ्या होडीखालून पहिल्यांदाच डोकावताना! तिनं पान चावलं, फूल उलगडलं, बिया चाचपल्या. तेच. लगेच तिथूनच संग्रहालयाच्या मॅडमना फोन.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "बेटावरून आलीस की बूट कुठं झटकतेस?"

पाचोळाबाईची नजर आधी बुटांवर गेली, मग होडीवर. वहिनीच्या घरात वाळू नको म्हणून प्रत्येक फेरीनंतर ती याच होडीवर बसून बूट आपटायची. बिया बुटांतून आल्या असतील तर सगळंच मुसळ केरात.

"म्हणजे शोध नाही लावलास, पेरणी केलीस!" फोनला कान लावून उभा असलेला दादा खिदळला.

"दात काढू नकोस. होडी उचल."

दादाचं हसू मावळलं. "बाबांची आहे गं. पार कुजलीय. मोडली तर?"

"तर बोल मला लाव. पण मला खोड बघायचंय. बुटातल्या बियांचं असेल तर कोवळं निघेल."

दादा पुटपुटत शेडमधल्या माणसांना घेऊन आला. दोर लावले, होडी एका बाजूनं कण्हत वर आली आणि एक फळी धपकन खाली पडली. दादानं डोळेच मिटले. ताई तोवर पोटावर आडवी झाली होती.

खोड मनगटाएवढं. होडीचा काठ त्यावर पडला होता आणि दोन्ही बाजूंनी फुगत खोडानं त्या काठालाच मिठी मारली होती. म्हणजे होडी पडायच्या आधीपासून ते इथं होतं.

"दादा, ही पालथी कधी घातली?"

"बाबा थकले तेव्हा. तू शाळेत होतीस."

"आणि बाबा बेटाकडे जायचे कधी?"

"छे! तिकडच्या प्रवाहाला जन्मभर टरकून होते."

तिनं परत फोन लावला. "मॅडम, माझी बेटावरची पहिली फेरी व्हायच्या कितीतरी आधीचं आहे हे."

"मग आणलं कुणी?"

"समुद्रानं आणलं असेल. त्याचे बूट तुम्ही तपासा."

मॅडम मोठ्यानं हसल्या. "उद्या येते. हात लावू देऊ नकोस कुणाला."

"होडी बाजूला ठेवायची का?" दादानं विचारलं.

"होती तशीच ठेव. शेळ्यांपासून तिनंच सांभाळलंय त्याला."

होडी हलकेच जागेवर बसली. दादा पडलेली फळी परत ठोकायला लागला.

"मॅडमसाठी एवढी टापटीप?"

"बाबांची होडी फोटोत येणार ना!" तोंडातला खिळा सांभाळत तो म्हणाला. "आणि पाचोळे, आजपासून बूट तिकडं धक्क्यावर झटकायचे."