रसायनवाल्यांचं धोतर

अख्ख्या कॉलेजची अब्रू स्वतःच्या धोतरावर पेलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पिंपरी-चिंचवडला तेव्हा कंपन्या धडाधड उभ्या राहत होत्या आणि प्राध्यापकमंडळी पँट-बुशकोटात शिरली होती. आमचे रसायनाचे प्राध्यापक मात्र धोतराला चिकटून होते. मी मराठी शिकवायचो आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी बसायचो, त्यामुळे त्यांच्या तडाख्यात पहिला मीच सापडायचो. काहीही वाया गेलेलं त्यांना खपत नसे. कुठे नळ ठिबकला की चालू तास सोडून हे धावत सुटायचे. एकदा मी निम्मा चहा टाकून उठलो, तर तो त्यांनी शांतपणे पिऊन टाकला आणि वर माझीच बाजू घेतली, "साखर कमी आहे हो, नाहीतर तुम्ही संपवला असतात."

पण खरी कथा ओढ्याची. आमच्या प्रयोगशाळेचं सांडपाणी मागच्या ओढ्यात जायचं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. एक दिवस ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या एक मावशी ओलं धोतर घेऊन थेट स्टाफरूममध्ये आल्या. धोतराची चाळण झाली होती.

"मास्तर, तुमच्या कालेजच्या पान्यानं मामंजींच्या धोतराचं काय झालं बगा! आता आमी धुनं घिऊन पार नदीवर जायाचं व्हय?"

आम्ही सगळे छताकडे बघू लागलो. रसायनवाले ताडकन उठले आणि म्हणाले, "मावशी, आजपासून माझं धोतर तुमच्या आधी भिजेल."

आम्हाला वाटलं, बोलले असतील रागाच्या भरात. पण गृहस्थांनी पोरांना हाताशी धरून प्रयोगशाळेमागे खड्डा खणला, त्यात भट्टीचा चुना भरला आणि सगळं आम्लाचं पाणी त्यातून काढलं. खड्ड्यातून पाणी ओढ्याकडे निघे तिथे रोज आपलं एक धोतर भिजत घालायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी नेसून वर्गात उभं राहायचं. "तुमचं गणित चुकलं तर मी गुण कापीन," ते पोरांना सांगत, "पण आम्ल नीट मारलं नाहीत तर माझं धोतर कापलं जाईल. तेव्हा जरा दया करा." सुरुवातीला दया कमीच पडली. एकदा तर त्यांनी पूर्ण तासभर फळ्याकडे तोंड केलं नाही. भोक कुठे पडलं असेल ते वर्गाने ओळखलं आणि त्या दिवसापासून पोरं चुन्याच्या बाबतीत कमालीची जबाबदार झाली.

प्राचार्यांना मात्र त्या जागी सायकल स्टँड हवा होता. शेवटी वैतागून ते म्हणाले, "प्रात्यक्षिक परीक्षेचा आठवडा जाऊ दे. धोतर शाबूत राहिलं तर पक्का हौद बांधून देतो. नाही राहिलं तर खड्डा बुजवणार आणि पाणी जाईल तिकडे जाईल!"

परीक्षा म्हणजे बाटल्याच्या बाटल्या आम्ल. रसायनवाल्यांनी कोरं धोतर आणलं आणि आठवडाभर ते पाण्यातच ठेवलं. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला म्हणाले, "माझं हसं झालं तर होऊ दे हो. पण त्या बाईला मी शब्द देऊन बसलोय."

शेवटच्या दिवशी वाळलेलं धोतर मैदानात आणलं. एक टोक प्राचार्यांच्या हाती, दुसरं मावशींच्या. सगळं कॉलेज भोवती गोळा झालेलं. प्राचार्यांनी चष्मा पुसला, धोतर उन्हात धरलं आणि ते वीतवीत न्याहाळत पुढे सरकत मावशींपर्यंत पोचले. मावशींनी दोन्ही हातांनी हिसडा देऊन ते ताणून पाहिलं आणि ओरडल्या, "येक भोक न्हाई!"

मग काय विचारता! एरवी घोडं गंगेत न्हातं, आमच्याकडे धोतर ओढ्यात न्हालं. पोरांनी रसायनवाल्यांना खांद्यावर घेतलं, धोतराचा झेंडा झाला आणि प्राचार्यही टाळ्या वाजवू लागले. पुढच्याच महिन्यात हौद बांधला गेला. दर वर्षी नवी पोरं पहिलं प्रात्यक्षिक करायच्या आधी त्या हौदापाशी उभी राहून, आम्ल मारल्याशिवाय पाणी सोडणार नाही, असा ओढ्याला शब्द देऊ लागली.

ते निवृत्त होऊन कोकणात आपल्या गावी गेले, त्याला आता दोन वर्षं झाली. परवा मावशी गोधड्यांचं बोचकं घेऊन ओढ्याकडे जाताना भेटल्या.

"धोतरवालं मास्तर दिसंनात?"

मी सांगितलं. त्यांनी काखेतलं बोचकं सावरलं. मग म्हणाल्या, "तिकडं त्यांच्या गावाला वढा हाय का?"

"असेल की."

"मग नशीबवान हाय त्यो वढा," असं म्हणत त्या पाण्याकडे उतरल्या. मला रसायनवाल्यांची फार आठवण आली. तासाची घंटा होऊन गेली तरी मी तिथेच उभा होतो, आणि खाली गोधड्या आपटल्याचा आवाज येत होता.