वारलेल्या अण्णांच्या नावानं

आमची नात अक्षता दुधनीहून सोलापूरला एसटीनं जाऊन-येऊन पतसंस्थांच्या संगणकातल्या हिशेबांवर पीएचडी करत होती. एका पतसंस्थेत तिला दिसलं, की संगणकातली प्रत्येक नोंद तिथले जुने हिशेबनीस शिवरुद्र अण्णांच्या नावानं पडते, आणि अण्णा तर कधीचे वारलेले!

तिनं विचारलं, तर कारकून म्हणाला, "अण्णांचा हात लई शुभ की, ताई. सगळे त्यांच्याच पासवर्डनं बसतो."

म्हणजे चूक कुणी केली, ते कधीच कळायचं नाही. हेच तिच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण. ऐकून मला तर हसून हसून ठसका लागला. तिच्या मार्गदर्शक सरांना मात्र हसू आलं नाही, कारण संस्थेचा चेअरमन त्यांचा मेहुणा.

"ते प्रकरण काढ, नाहीतर माझी सही विसर," सर म्हणाले.

तिनं काढलं. पदवी मिळाली आणि त्याच संस्थेनं तिचा सत्कार ठेवला. मी फेटा बांधून पुढं बसलो, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

परतताना एसटीत ती म्हणाली, "अज्जा, माझ्या शालीचा खर्च माझ्यासमोरच संगणकात टाकला. नाव कुणाचं आलं असंल?"

"अण्णांचं?"

"व्हय."

दुधनीला उतरताना शाल तिनं सीटवरच ठेवली. मी उचलायला वाकलो, तर म्हणाली, "राहू दे, अज्जा."